लाइनवरचा तिसरा

कपाशीच्या बोंडात गुलाबी अळी दिसली की रोहिणखेडचा शेतकरी आधी कृषी केंद्राच्या दुकानदाराला विचारतो, मग शेजारच्या धुऱ्यावरच्या जाणत्याला. दोघांच्या सांगण्यात मेळ बसला नाही तर खिशातून मोबाइल निघतो आणि १८००-१८०-१५५१ हा नंबर लागतो. पैसे पडत नाहीत आणि सकाळी ६ पासून रात्री १० पर्यंत उत्तर मिळतं. पलीकडे शेतीचा पदवीधर असतो आणि तो मराठीत बोलतो. लागवड कधीची, वाण कोणतं, कामगंध सापळे लावले का, त्यांत रोज किती पतंग अडकतात, असं एकेक विचारत जातो. प्रश्न त्याच्या आवाक्याबाहेरचा निघाला की तो म्हणतो, "दादा, जरा लाइनवर राहा." मग तिसरा आवाज येतो. तो कृषी विभागाच्या अधिकाऱ्याचा असू शकतो, नाहीतर विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाचा. तिघं एकाच वेळी एकमेकांना ऐकतात.

हे किसान कॉल सेंटर २१ जानेवारी २००४ रोजी सुरू झालं. पुढे त्याची फेररचना झाली, तेव्हा इंटरनेटच्या भाषेत बोलणारं एक्सचेंज, म्हणजे आयपी-पीबीएक्स, हा तिचा कणा ठरला. प्रत्येक कॉलचं रेकॉर्डिंग, थांबून राहिलेल्याला राज्यापुरती सूचना ऐकवणं, उत्तराचा सारांश एसएमएसने पाठवणं या सोयी आल्या, आणि त्यांच्याच यादीत होती तज्ज्ञाला कॉन्फरन्सवर घेण्याची सोय. सरकारी कागदावर ही एक ओळ आहे. पण दोघांच्या बोलण्यात तिसऱ्याला रीतसर, सगळ्यांना सांगून आणायला भारतात किती वर्षं आणि किती नियम मध्ये आले, याची गोष्ट त्या ओळीहून बरीच लांब आहे.

ती गोष्ट रोहिणखेडपासूनच सुरू करता येते. हे गाव बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी. बऱ्हाणपूरकडून दख्खनच्या पठारावर चढणारी जुनी वाट इथून जायची, म्हणून दोन मोठ्या लढाया या गावाच्या नावे इतिहासात नोंदल्या गेल्या. १४३७ मध्ये खानदेशचा नासिरखान वऱ्हाडात घुसला आणि बहमनी सरदार मलिक-उत-तुज्जारने त्याला इथे हरवलं. सोळावं शतक सरता सरता अहमदनगरच्या गादीसाठी बुरहान निजामशाह आणि जमालखान यांची गाठही इथेच पडली. गावातली जुनी दगडी मशीद त्याच शतकातली. त्या काळात बातमी घोड्यावरून किंवा जासूदाच्या पायांनी यायची, म्हणजे दोन माणसांच्या बोलण्यात तिसरा असायचाच, फक्त तो निरोप घेऊन चालत असायचा.

तार आली तेव्हा जासूदाच्या जागी तारबाबू बसला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा खुला केला. हेतू उघड होता, वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला लवकर पोहोचावा. रुळांच्या सोबतीने तारा आल्या आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याला खामगावच्या बाजारात मागणी नोंदवता येऊ लागली. सुएझ कालवा नुकताच उघडला होता, त्यामुळे माल दीड-दोन महिन्यांत तिकडच्या धक्क्याला लागे. पिकवणारा शेतकरी मात्र या संभाषणात नव्हता. भाव तारेने यायचा तो अडत्याकडे, आणि अडत्या सांगेल तो भाव शेतकऱ्याचा. तिसरा माणूस इथे निरोप्या उरला नव्हता, त्याने संभाषणच ताब्यात घेतलं होतं.

मुंबईत टेलिफोन एक्सचेंज १८८२ मध्येच उघडलं होतं, पण खेड्यापर्यंत आवाज पोहोचायला शंभर वर्षं लागली. मधल्या काळाचा राजा ट्रंक कॉल. बाहेरगावी बोलायचं तर पोस्टात किंवा एखाद्या पेढीवर जाऊन कॉल बुक करायचा आणि वाट बघत बसायचं. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे दर्जे होते. लाइटनिंगला साध्याच्या आठपट पैसे पडत, म्हणून तो मृत्यूची खबर द्यायला किंवा मोठ्या सौद्यालाच वापरला जाई. पीपी म्हणजे अमुकच माणूस फोनवर आला तर बोलणं सुरू. त्या माणसाला बोलावून आणण्याची खटपट दोन्हीकडच्या ऑपरेटरांची. ऑपरेटर प्लग खोचून दोन तारा जोडत आणि जोडल्यावर त्यांना सगळं ऐकू येई. लग्न ठरलं, जमीन विकली, पोरगा नापास झाला, यांतलं बरंच गावाआधी एक्सचेंजला कळायचं. हा ऑपरेटर म्हणजे भारतीय टेलिफोनवरचा पहिला, एरवी न बोलणारा तिसरा. काहींना तो खुपायचा. काहींना तोच मदतीचा वाटायचा, कारण आवाज बारीक झाला की एकाचं वाक्य दुसऱ्याला मोठ्याने सांगणाराही तोच.

१९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यात एसटीडी सुरू झाली आणि ऑपरेटरला वगळून थेट नंबर फिरवण्याचा काळ आला. त्याच दशकात अमेरिकेत उलट वाट धरली गेली होती, तिसऱ्याला वगळण्याची नव्हे, आणण्याची. न्यू जर्सीतल्या सकासना या गावात १९६५ मध्ये बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक एक्सचेंजने ग्राहकांना काही नव्या सोयी दिल्या, त्यांतली एक थ्री-वे कॉलिंग. बोलता बोलता हूक टपकन दाबायचा, पहिला होल्डवर जातो. दुसरा नंबर फिरवायचा. पुन्हा हूक, की तिघं एकत्र. जे काम ऑपरेटर दोन प्लगांनी करायची, ते आता ग्राहकाच्या बोटाखाली आलं. भारतात ही सोय डिजिटल एक्सचेंजेस पसरल्यावर आली आणि टेलिफोन खात्याच्या 'फोन प्लस' सेवांत कॉल वेटिंगच्या शेजारी जाऊन बसली. बिलासोबत येणाऱ्या माहितीपत्रकात ती असायची. वापरणारे थोडेच, कारण ज्या तिसऱ्याला लाइनवर घ्यायचं त्याच्या घरी फोन कुठे होता?

तो घरी आला नाही, आला चौकात. ऑगस्ट १९८४ मध्ये सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने सी-डॉट स्थापन झालं. त्यांचं १२८ लाइनींचं ग्रामीण एक्सचेंज एअर कंडिशनरशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चालेल असंच बेतलं होतं. पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. मग एसटीडी-पीसीओंच्या पिवळ्या पाट्या आल्या. बूथ काचेचा, पण दार नीट बंद व्हायचं नाही, आणि मीटरच्या लाल आकड्यांवर बोलणाऱ्याचं लक्ष जितकं, तितकंच बूथवाल्याचंही. पंचायतीतल्या सार्वजनिक फोनांची हालत वेगळी होती. मार नावाच्या रेडिओ पद्धतीवर चालणारे हजारो फोन देशभर बसले खरे, पण ते इतके बंद असत की पुढे युनिव्हर्सल सर्व्हिस फंडातून ते बदलावेच लागले.

इकडे तारेवरचा आवाज पाकिटांत तोडून पाठवण्याचा प्रयोग अमेरिकेत केव्हाच झाला होता. डॅनी कोहेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये अर्पानेटवरून बोलणं पाठवलं, आणि १९७६ मध्ये चार प्रयोगशाळांची कॉन्फरन्सही त्याच जाळ्यावर घेतली. मजा अशी की त्या कॉन्फरन्सला एक अध्यक्ष होता, आणि तो माणूस नव्हता, प्रोग्राम होता. एका वेळी एकानेच बोलायचं, पाळी मागायची, अध्यक्षाने दिली की बोलायचं. ग्रामसभेतही इतकी शिस्त नसते. त्या काळचे संगणक एकापेक्षा जास्त आवाज एकदम मिसळू शकत नव्हते, म्हणून हा नियम.

आवाज मिसळणं हीच तिघांच्या कॉलची खरी मेख आहे. फोनवरच्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि वीस-वीस मिलिसेकंदांच्या पाकिटांत भरले जातात, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं. तीन माणसं असतील तर मधल्या यंत्राने प्रत्येकाकडून आलेली पाकिटं उघडायची, एकाच क्षणाचे नमुने एकमेकांत मिळवायचे आणि पुन्हा पाकिटं बांधून पाठवायची. त्यातही प्रत्येकाला वेगळी बेरीज. पहिल्याला दुसऱ्या-तिसऱ्याची, दुसऱ्याला पहिल्या-तिसऱ्याची. स्वतःचा आवाज कुणालाच परत पाठवायचा नाही, कारण तो पाव-अर्ध्या सेकंदाने कानात आला की बोलणारा अडखळतोच. एकाचं पाकीट उशिरा आलं तर त्याच्यासाठी थांबायचं की त्याला सोडून पुढे जायचं, हेही त्या यंत्रानेच ठरवायचं.

हे काम टेबलावरचा आयपी फोनही करतो. 'कॉन्फ' बटण दाबलं की फोन पहिल्याला होल्डवर ठेवतो, दुसऱ्याला नवीन निमंत्रण धाडतो, आणि पुन्हा बटण दाबलं की दोघांचे प्रवाह स्वतःच्या पोटात मिसळतो. या निमंत्रणाची भाषा सिप. १९९९ मध्ये तिचा पहिला मसुदा पक्का झाला, २००२ मध्ये आजचं रूप. फोननेच मिसळायचं ठरवलं की दोन अडचणी येतात. एक, त्याच्या इंटरनेटवर दुप्पट भार, कारण न दाबलेल्या आवाजाचा एक प्रवाह मथळ्यांसकट सेकंदाला सुमारे ८७ किलोबिट खातो आणि इथे असे दोन चढवायचे असतात. ब्रॉडबँडच्या जुन्या जोडणीत खाली यायला रस्ता रुंद आणि वर जायला अरुंद, त्यामुळे तिसरा आला की तुटक आवाज ठरलेलाच. दुसरी अडचण माणसांची. ज्याने जोडलं त्याने फोन ठेवला की बऱ्याच फोनांवर उरलेले दोघंही तुटतात.

म्हणून मोठ्या व्यवस्थेत मिसळण्याचं काम सर्व्हरकडे जातं. तिथे गाजलं ते अ‍ॅस्टरिस्क. मार्क स्पेन्सर या तरुणाला १९९९ मध्ये आपल्या छोट्या कंपनीसाठी टेलिफोन एक्सचेंज हवं होतं, विकत घ्यायला पैसे नव्हते, मग त्याने लिनक्सवर स्वतःच लिहिलं आणि जगाला फुकट देऊन टाकलं. त्यातली कॉन्फरन्सची सोय, मीट-मी, सुरुवातीला वेळेचा ठेका धरण्यासाठी टेलिफोन कार्डावरच्या घड्याळावर अवलंबून होती. ज्यांच्या यंत्रात एकही टेलिफोन तार नव्हती त्यांनाही केवळ त्या ठेक्यासाठी एक खोटं कार्ड सॉफ्टवेअरमध्ये दाखवावं लागे. सगळं इंटरनेटवर, आणि तरी तारेच्या फोनाचा टेकू लागलाच.

भारतात हे सगळं अजून निषिद्ध होतं. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट लोकांना खुलं केलं, २५० तासांच्या टीसीपी-आयपी खात्याला वर्षाला १५,००० रुपये. त्याच वर्षी इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीचं इंटरनेट फोन हे सॉफ्टवेअर बाजारात आलं होतं. पण परदेशी कॉलवर व्हीएसएनएलचाच मक्ता, अमेरिकेला मिनिटाला पन्नासाहून जास्त रुपये पडत, आणि त्या कमाईला भोक पाडणाऱ्या इंटरनेट फोनची संकेतस्थळं त्यांनी अडवून धरली. दिल्लीच्या अरुण मेहतांनी १९९८ मध्ये या अडवणुकीविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. अखेर १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली, पण अर्धीच. संगणकावरून संगणकावर बोला, संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोला; देशातल्या साध्या फोनला मात्र इंटरनेटवरून हात लावायचा नाही.

पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या ज्या घरातली मुलं त्या काळात अमेरिकेला गेली, त्यांना हा नियम पाठ नसला तरी त्याची सवय झाली होती. मुलगा तिकडून बोलावतो, आई सायबर कॅफेत जाते, आणि गावाकडच्या आजोबांना आवाज ऐकवायचा तर कॅफेतल्या हेडफोनजवळ दुसरा फोन धरायचा. तिघांचा कॉल असा हवेत जोडला जायचा. हा जुगाड कायद्यात बसतो का, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी अडवलंही नाही.

कंपन्यांची गोष्ट वेगळी. नियम सांगत होता की सार्वजनिक टेलिफोनचं जाळं आणि कंपनीचं खासगी इंटरनेट जाळं एका कॉलमध्ये जुळता कामा नये, नाहीतर लांब पल्ल्याचे पैसे चुकतात. आता कल्पना करा, पुण्याच्या ऑफिसातल्या माणसाने बुलढाण्याच्या ग्राहकाला साध्या फोनवर लावलं आणि मुंबई शाखेतल्या सहकाऱ्याला कंपनीच्या जाळ्यावरून कॉन्फरन्सवर घेतलं. तांत्रिकदृष्ट्या हे एका बटणाचं काम, पण कायद्याने गुन्हा. सिस्कोला आपल्या टेलिफोन सॉफ्टवेअरमध्ये 'लॉजिकल पार्टिशनिंग' नावाची सोय घालावी लागली ती मुख्यतः भारतासारख्या नियमांसाठी. कोणता फोन कोणत्या शहरात, कोणती लाइन सार्वजनिक, कोणती खासगी, हे यंत्राला आधी भरवायचं. मग कॉन्फरन्सचं बटण दाबलं की ते नकाशा बघून नकार देतं. साऱ्या जगात अभियंते माणसं जोडण्यासाठी खपत होते आणि इथल्या अभियंत्यांचा बराच वेळ ती चुकून जोडली जाऊ नयेत यात गेला.

सरकारची भीती निराधार नव्हती, हेही खरं. परदेशी कॉल इंटरनेटवरून आणायचे आणि सिमकार्डांनी भरलेल्या पेटीतून स्थानिक म्हणून सोडायचे, असा धंदा जोरात होता. जून २०१७ मध्ये लातूर जिल्ह्यात दहशतवादविरोधी पथकाने असंच एक बेकायदा एक्सचेंज पकडलं. पण चोराला अडवण्यासाठी बांधलेली भिंत प्रामाणिक कॉल सेंटरच्याही आड येत होती. ती खऱ्या अर्थाने सैल झाली नोव्हेंबर २०२० आणि जून २०२१ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी. तोवर कोविडच्या टाळेबंदीत लाखो कर्मचारी घरी बसले होते आणि घरच्या इंटरनेटवरून ग्राहकांशी बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

किसान कॉल सेंटरचं महत्त्व या पार्श्वभूमीवर कळतं. तिथे शेतकरी साध्या मोबाइलवर असतो, उत्तर देणारा आयपी एक्सचेंजवर आणि तज्ज्ञ आपल्या कार्यालयातल्या नाहीतर खिशातल्या फोनवर. ज्या जोडणीसाठी खासगी कंपन्यांना परवानग्यांच्या फायली हलवाव्या लागत, ती सरकारी परवानगीने शेतकऱ्यासाठी केली गेली. २०१७ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली तेव्हा अशा सल्ल्याची निकड कळली. बीटीचं बियाणं असूनही अळी आली, म्हणजे पुस्तकातलं उत्तर चालणार नव्हतं. फवारणी कशाची आणि कधी, की आता पीक काढून शेतच मोकळं करायचं, हे डोळ्यांनी कीड पाहिलेल्या माणसालाच सांगता येतं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणचा माणूस त्याच कॉलवर आला तर पदवीधर मुलगा मध्ये दुभाषाचं काम करतो, आणि विद्यापीठाची भाषा व शिवाराची भाषा यांच्यात दुभाषा लागतोच. व्यवस्थेचा दोष इतकाच की तज्ज्ञ जागेवर असेल तर. तो शिवारफेरीला गेला असेल तर जगातलं कुठलंही एक्सचेंज त्याला लाइनवर आणू शकत नाही.

घरगुती कॉन्फरन्स मात्र कुठल्याही योजनेविना पसरली. जुन्या जीएसएम मोबाइलवरही ती होती, पण मिनिटाचे पैसे दोन्ही कॉलांना पडत. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आलं आणि बोलणं फुकट झालं. या कंपनीकडे जुनं टू-जी जाळंच नव्हतं, त्यामुळे तिचा प्रत्येक कॉल व्होल्टी, म्हणजे आतून सिपवरच चालणारा. पुढच्या वर्षी १,५०० रुपये अनामतीचा जिओफोन आला आणि ज्यांनी सिप हा शब्द कधी ऐकला नाही त्यांच्या हातात सिपचा फोन पोहोचला. आता 'मर्ज'ला बोट लावलं की मोबाइल स्वतः काही मिसळत नाही. तो कंपनीच्या सर्व्हरला निरोप देतो की एक खोली उघड आणि या दोघांना तिथे बोलाव. सोयरिकीच्या बोलण्यात याचा उपयोग वऱ्हाडात कुणालाही सांगता येईल. मुलीचे मामा लाइनवर असताना "थांबा, दाजींनाच घेतो कॉन्फरन्सवर" म्हटलं की पुढची बैठक फोनवरच उरकते. कुणी काय कबूल केलं यावर नंतर वाद झाला तर साक्षीदार एक जास्त. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने चौघांपर्यंतचा कॉल दिला, एप्रिल २०२० मध्ये आठ जणांचा, आणि मग तीन हा आकडाच लहान वाटू लागला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनला याच मर्ज बटणाबद्दल इशारा द्यावा लागला. अनोळखी माणूस फोन करतो, तुमच्या ओळखीच्या अमक्याकडून नंबर मिळाला म्हणतो, आणि तोच अमका आता दुसऱ्या नंबरवरून लावतोय, घ्या त्याला कॉन्फरन्सवर, असं सांगतो. येणारा दुसरा कॉल असतो बँकेच्या यंत्राचा, ओटीपी बोलून दाखवणारा. मर्ज केलं की अंक खातेदाराबरोबर त्या अनोळखी माणसालाही ऐकू येतात आणि त्याने तोवर खात्यातून पैसे काढण्याचा व्यवहार दुसरीकडे उघडून ठेवलेला असतो. ऐकलेले अंक तिथे भरायला त्याला काही सेकंद पुरतात.